संशय आला की मोरी

धोंडूमामांना समुद्र दिसत नाही, हे आमच्या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं. आणि आमच्या इमारतीत समुद्राबद्दल शेवटचा शब्द धोंडूमामांचा असायचा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगते.

वर्सोव्याला, सात बंगल्यांच्या पुढे, अगदी वाळूला खेटून आमची 'तरंग' सोसायटी. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, आणि खाऱ्या हवेनं पोपडे धरलेल्या भिंती. धोंडूमामा त्र्याऐंशी साली तिथं वॉचमन म्हणून आले. त्याआधी अठ्ठावीस वर्षं गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर. संप झाला, गिरणीनं परत घेतलं नाही, संपाच्याच वर्षात बायको गेली, आणि लालबागची खोली सोडून हा माणूस एक पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्या पंपाच्या खोलीत राहायला आला. एक मुलगी होती, शकु. ती घाटावर गडहिंग्लजकडे दिलेली. गावी घर होतं, पण त्यात आता भावांचे संसार. थोडक्यात, पंपाची खोली सोडली तर या माणसाला जायला हक्काची जागा नव्हती.

पहिले काही महिने त्यांच्याशी कोणी बोलत नसे. वॉचमनशी काय बोलायचं? 'गेट उघड', 'पाणी सोड', 'दुधाची पिशवी वर दे'. गिरणीतल्या आवाजानं त्यांचे कान मंद झालेले, त्यामुळे एवढंसुद्धा दोनदा सांगावं लागे आणि लोक वैतागत. मी पण वैतागायची. खोटं कशाला बोलू.

मग एका रविवारी पोरं पाण्यात खेळत होती आणि तिसऱ्या मजल्यावरून कोणी तरी 'शार्क! शार्क!' म्हणून ओरडलं. त्या दिवसांत घरोघरी व्हिडिओ आले होते. भाड्यानं इंग्रजी कॅसेट आणून लोक रात्री घाबरायचे आणि सकाळी समुद्राकडे संशयानं बघायचे. पाण्यावर खरोखरच काळा पंख दिसत होता. बायका किंचाळत वाळूकडे धावल्या. धोंडूमामा मात्र स्टुलावरून सावकाश उठले, कपाळावर हात आडवा धरला, घटकाभर पाहिलं आणि म्हणाले, "गादो तो. पोरांका खेळांदेत."

गादा म्हणजे डॉल्फिन. कोकणात हाच शब्द. शार्कला आमच्याकडे मोरी म्हणतात, आणि शेजारच्या कोळीवाड्यात मुशी. सेक्रेटरी चंद्रप्रकाश बँकेत ऑफिसर होते, त्यांना पुराव्याशिवाय काही पटत नसे. "कशावरून?" असं त्यांनी विचारलं. तेव्हा कळलं की धोंडूमामा तरुणपणी देवगडच्या बाजूला रापणीवर टेहळ्या होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. तीस-चाळीस माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ते ओढतात, आणि एक माणूस वर खडकावर उभा राहून पाण्यावर नजर ठेवतो. मासा कुठून येतोय, गादा आहे की मोरी, हे तो वरून ओरडून सांगणार आणि खालची माणसं त्याच्या शब्दावर पाय टाकणार. सतराव्या वर्षी धोंडूमामा त्या खडकावर होते. एकोणिसाव्या वर्षी काकानं मुंबईला आणून साच्यावर उभं केलं.

त्या रविवारपासून मामांना किंमत आली. पंख दिसला की बाल्कन्यांतून हाका सुरू. "धोंडू, बघ ना यार, काय आहे ते?" मामा उठणार, हात आडवा धरणार, सांगणार. लोक तेवढ्यापुरते त्यांच्याशी हसणार, एखादा चहा खाली पाठवणार. पुढे पुढे तर आमच्या गणपतीच्या विसर्जनालाही हीच रीत पडली. मामांनी समुद्र बघून 'चला' म्हणायचं आणि मगच मंडळींनी पाण्यात उतरायचं.

मी पहिल्या मजल्यावर राहायची. मी आणि आई, दोघीच. तेव्हा माझं वय अडतीस. स्थळं येणं बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की शेजारणींनी कीव करणंही सोडून दिलं होतं. मी अंधेरीला ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. दिवसभर नाशिकला सोलापूरशी आणि सोलापूरला मद्रासशी बोलायला लावायचं आणि स्वतः घरी येऊन गप्प बसायचं. आई बोलायची, पण ती देवांशी. आमच्या बाल्कनीच्या बरोबर खाली मामांचं स्टूल.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका सकाळी पोरांनी ओरडा केला. मी कपडे वाळत घालत होते. पंख जुहूच्या बाजूला होते, दोन. मामा उठले, हात आडवा धरला आणि मढच्या दिशेला टक लावून म्हणाले, "गादो." तिकडे काही म्हणजे काही नव्हतं. साधा पाण्याचा पत्रा. लोक समाधानानं आत गेले, कारण लोक समुद्राकडे बघत होते, मामांकडे कोण बघतंय? मी बघत होते.

खाली गेले आणि त्यांच्या कानाशी स्पष्ट शब्दांत विचारलं, "मामा, पंख कुठल्या बाजूला होते?"

त्यांनी स्टुलावर बसून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बाय, माका सगळा धुरकट दिसता. दीड वरीस झाला. गेट दिसता, माणूस दिसता. चेहरो नाय दिसत. कोणाक सांगू नको."

मोतीबिंदू होता. मी लगेच शहाणपणा शिकवायला गेले. ऑपरेशन होतं, सरकारी इस्पितळात फुकट होतं, महिन्याभरात बरं वाटतं. "आणि म्हयनाभर हय कोण बसतलो?" मामा म्हणाले. "दुसरो बसलो की तो बसलो. मगे मी डोळे घेवन जाव खय?" पण एक गोष्ट मला खटकली आणि मी ती तोंडावर बोलले. "म्हणजे तुम्ही लोकांना न बघताच सांगता!"

त्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मी जीभ चावली. "हय सगळे गादेच येतत," ते म्हणाले. "पण तुझा खरा. टेहळ्यान् न बगता सांगूचा नाय. ता पाप." मग म्हणाले, "तू बगशीत? तू फक्त सांग, तो करता काय. नाव मी सांगतंय."

अशी आमची भागीदारी सुरू झाली. पंख दिसला की मी बाल्कनीत यायची आणि कपडे झटकत झटकत, जणू स्वतःशीच बोलतेय अशी, दिसेल ते सांगायची. माझा आवाज धंद्यानं घासलेला. मंद कानांनाही तो पोचायचा. "डावीकडे. वर आला. पाठ वाकली. गेला. पुढे परत वर आला." खाली मामा डावीकडे तोंड करून, हात आडवा धरून उभे. मग निकाल. आमचं ते नाटक वर्षभर इतकं बेमालूम चाललं की मला घरात हसू आवरायचं नाही. आईला वाटायचं पोरीचं डोकं फिरलं.

पंख ओळखायला मामांनी मला शिकवलं ते असं. गादा आपल्यासारखा हवेवर जगणारा. त्याला दम घ्यायला वर यावंच लागतं, म्हणून तो रहाटाच्या गाडग्यासारखा गोल फिरत वर येतो, बुडतो आणि थोडा पुढे जाऊन पुन्हा वर येतो. आधी पाठ दिसते, मग पंख, आणि पंख मागे कललेला. "मोरीक दम लागना नाय," मामा म्हणायचे. "ती वर कित्याक येतली?" मोरीचा पंख ताठ. वरखाली नाही, सरळ पाणी कापत जातो, आणि त्याच्या मागे दुसरं एक टोक डावी-उजवीकडे हलताना दिसतं, ते तिचं शेपूट. गाद्याचं शेपूट आडवं असतं, ते तो वर-खाली मारतो. मोरीचं उभं. आणि मोरी गेली की गेली, पुढे परत दिसत नाही.

"आणि जागेवरच वरखाली होतं ते?" मी एकदा विचारलं.

"ता लाकूड," मामा म्हणाले आणि खूप वेळ हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

एकदा मला नीट दिसलं नव्हतं. ऊन पाण्यावर पसरलेलं. मी म्हटलं, गादाच असणार, नेहमीचाच. तर मामा माझ्यावर चिडले. "असणार म्हंजे काय? दिसलो काय नाय?" मग त्यांनी मला रापणीचा कायदा सांगितला. "संशय इलो की मोरी. चुकीची मोरी म्हटलंस तर एक दिवसाचो मासो जाता. चुकीचो गादो म्हटलंस तर माणूस जाता." त्या दिवशी त्यांनी शिट्टी वाजवून पोरांना पाण्याबाहेर काढलं. थोड्या वेळानं दोन गादे चांगले हातभर उडाले आणि पोरांनी मामांची टिंगल केली. मामांना त्याचं काही वाटलं नाही.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये मात्र मी जे सांगितलं ते ऐकून त्यांचा हात कपाळावरून खाली आला. ताठ पंख, सरळ रेष, मागे हलणारं टोक. त्यांनी अशी शिट्टी मारली की तिसऱ्या मजल्यावरचे लोकसुद्धा पायऱ्या उतरून आले. दुसऱ्या दिवशी कोळ्यांच्या होडीतून सहा फुटी मुशी वाळूवर उतरली. अख्खी सोसायटी बघायला. चंद्रप्रकाशनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. मामांनी वर आमच्या बाल्कनीकडे बघितलं. मी त्यांना दिसत नव्हते, तरी बघितलं. माझ्या आयुष्यात माझ्यावर इतकं कोणी विसंबलेलं नव्हतं, आणि मीही कोणावर.

त्याच वर्षीचा गणपती. चतुर्थीच्या दोन दिवस आधी गावाहून कार्ड आलं. भावकीतले कुणी चुलत आजोबा वारले. मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं, आईनं लग्नानंतर एकदा पाहिलेलं. पण भावकी ती भावकी. दहा दिवस सुतक. आईनं देवघरातला दिवा बंद केला, आमटीची फोडणी बंद केली आणि मला बजावलं, "खाली गणपती बसतोय, त्या बाजूला फिरकायचं नाही. सोसायटीच्या देवाला विटाळ नको."

मी म्हटलं, "आई, त्यांचं नावसुद्धा मला माहीत नाही."

"त्यांना तुझं माहीत होतं," आई म्हणाली. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

पाचव्या दिवशी विसर्जन. सकाळी मी गेटपाशी जाऊन मामांना लांबूनच सांगितलं की मी आज खाली नसेन. मागच्या वर्षी मी गर्दीत त्यांच्या मागे उभी होते, सगळं कानात सांगत होते. मामांनी समुद्राच्या दिशेला तोंड वळवलं. "मगे आजचो दिवस समुद्र गप रवांदे," म्हणाले.

"मी वरून बघेन. काही दिसलं तर हात दाखवीन," मी म्हणाले. हात दाखवीन! कुणाला? अडतीस-एकोणचाळीस वर्षांची बाई, आणि बोलताना एवढीही अक्कल नाही.

चार वाजता निघाले. तीन फुटी मूर्ती, पाटावर, चार जणांच्या खांद्यावर. पुढच्या उजव्या बाजूला आमचा शेजारी जयवंत. ताशा लावला होता, त्या वर्षी पहिल्यांदाच, चंद्रप्रकाशच्या हौसेनं. वाळूवर आरती झाली. मामांनी हात आडवा धरून समुद्र पाहिल्यासारखं केलं. समुद्र त्या वेळी रिकामा होता, मी वरून पाहत होते. मामा 'चला' म्हणाले. मंडळी कमरेएवढ्या पाण्यात शिरली, आणि तेव्हा ते दिसलं.

तीस-चाळीस हातांवर, लाटांमध्ये, काळं तिकोनी टोक. वर येत होतं, जात होतं. कोणी तरी ओरडलं. मूर्ती घेतलेले चौघे जागच्या जागी थिजले. आणि सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. मामांकडे.

मला वरून पहिल्या क्षणी कळलं. ते जागेवरच वरखाली होत होतं. लाट आली की वर, लाट गेली की खाली. हातभरही पुढे सरकत नव्हतं. मी ओरडले, "लाकूड! मामा, लाकूड आहे!" पण खाली ताशा. सोलापूर-मद्रासला जोडणारा माझा आवाज साठ पावलं गेला नाही.

मी जिना उतरून धावले. खरंच धावले. गेटपर्यंत. गेटाबाहेर पाच पावलांवर वाळूत आरतीचं तबक ठेवलेलं, त्याच्याभोवती सगळ्या बायका, आणि पलीकडे पाण्यात मूर्ती. मागून बाल्कनीतून आईची हाक आली, "शुभा! सुतक!" दोन बायकांनी वळून पाहिलं. आणि मी थांबले. गेटाचा गज धरून उभी राहिले. देवाला विटाळ होईल म्हणून नव्हे, माझा त्यावर तेव्हाही विश्वास नव्हता. त्या दोघींनी पाहिलं म्हणून. एवढ्यासाठीच.

मामा गुडघाभर पाण्यात होते. ते विचारत होते, "करता काय तो? वर येता? सरळ जाता?" दहा जण दहा गोष्टी सांगत होते. चंद्रप्रकाश पाण्यातून ओरडले, "आम्हाला काय विचारतोस? तू बघ ना!" मामांनी हात आडवा धरला. ते नेहमीचं एक नाव घेऊन मोकळे झाले असते तर काही बिघडलं नसतं. पाण्यात लाकूडच होतं. मूर्ती बुडाली असती, लोक घरी आले असते, कुणी तरी त्यांना प्रसाद दिला असता. ते मागे वळले, आमच्या बाल्कनीच्या दिशेला. तिथं मी नव्हते.

मग ते सगळा जीव एकवटून ओरडले, "मोरी! माघारी फिरा! सगळ्यांनी माघारी फिरा!"

एकच धावपळ. जयवंतचा पाय घसरला, पाट कलंडला, आणि गणपती गुडघाभर पाण्यात तोंडावर पडला. सोंड तुटली, एक हात तुटला. ताशा बंद झाला. इतका वेळ मला जी शांतता हवी होती ती तेव्हा मिळाली.

आणि दोन-तीन लाटांनी ते काळं टोक आपणहून वाळूपाशी आणून सोडलं. मोडक्या होडीची फळी. डांबर फासलेली, एका बाजूनं निमुळती. चंद्रप्रकाशनी ती उचलली आणि मामांच्या तोंडासमोर धरली. "हे काय आहे?"

मामा बघत राहिले. वीतभर अंतरावर होती. मग त्यांनी हात पुढे केला, फळी चाचपली, खिळ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "फळी."

तेव्हा सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. मी सुतकासकट गेले. म्हटलं, दीड वर्ष मी त्यांचे डोळे होते, मार्चातली मोरी मीच पाहिली होती, दोष द्यायचा तर मला द्या. वाटलं होतं, याचा उपयोग होईल. चंद्रप्रकाश म्हणाले, "म्हणजे दीड वर्ष तो आम्हाला फसवत होता आणि तुम्ही साथ देत होता?" मी तिथं जे बोलले ते आईनं ऐकलं असतं तर तिनं माझंच सुतक धरलं असतं. पण देव तोंडावर पडला होता. अपशकुनाला कुणी तरी धनी लागतो.

मामा चौथ्या दिवशी निघाले. तीच पत्र्याची ट्रंक. शकुचा नवरा कुंडलिक त्यांना न्यायला आला होता, भला माणूस, ट्रंक खांद्यावर घेऊन गेटाबाहेर थांबला. मी मामांच्या जवळ गेले. माफी मागायची होती.

"बाय," तेच म्हणाले, "ता करी होता काय?"

"जागेवरच वरखाली होत होतं."

"लाकूड," मामा म्हणाले. मान हलवली. "मगे तुका कळला होता."

त्यात राग नव्हता. शिकवलेलं पोराला बरोबर आलं की मास्तर बोलतो, तसं बोलले. मला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पाया पडायला वाकले, तर त्यांचा आशीर्वादाचा हात माझ्या डोक्याऐवजी खांद्याच्या बाजूला, हवेत टेकला. मी सरकून तो डोक्यावर घेतला.

दिवाळीनंतर कार्ड आलं. मोठमोठी, वाकडी अक्षरं, मामांनी स्वतः लिहिलेली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. 'आता चांगला दिसता. बांधावरचो बगळो दिसता. शकुचो चेहरो दिसता, आयशीसारखी झाली. हय समुद्र नाय. तिकडे काय दिसता ता कळव.'

मी कळवू लागले. बाल्कनीत उभं राहायचं, पंख दिसला की नीट बघायचं, आणि आत येऊन कार्डावर लिहायचं. 'मंगळवारी सकाळी, जुहूच्या बाजूला. वर आला. पाठ वाकली. बुडाला. पुढे वर आला. एकूण तीन.' नाव लिहायचं नाही. आठ-दहा दिवसांनी उत्तर यायचं, अख्ख्या कार्डावर एकच शब्द. 'गादे.' एकदा मी लिहिलं की दूर होतं, नीट दिसलं नाही. उत्तर आलं, 'मोरी.' मी ते कार्ड हातात घेऊन बसले आणि रडले. सोसायटीत नवीन वॉचमन आला होता, त्याचे डोळे उत्तम होते. त्याला समुद्रातलं काही विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. पंख दिसला की लोक आपले बाल्कनीची दारं लावून घेत.

मी त्यांना पावणेदोन वर्षांत एकोणतीस कार्डं लिहिली. 'मी गेटावर थांबले, मला माफ करा' हे एकातही लिहिलं नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या कार्डात लिहू.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये आलेल्या कार्डावर वर 'श्री' नव्हता. अक्षर कुंडलिकचं. 'मामा मंगळवारी पहाटे झोपेतच गेले. तुमचं शेवटचं कार्ड उशाशी होतं. उत्तर लिहायचं राहिलं.' शेवटच्या कार्डात मी लिहिलं होतं, एक पंख, ताठ नव्हता, कललेलाही वाटला नाही, एकदाच दिसला. काय ते तुम्ही सांगा.

असं कार्ड वाचून फाडून टाकायचं असतं, घरात ठेवायचं नसतं. मी ते बाकीच्या कार्डांत ठेवलं. रजा मागायला गेले असते तर साहेबांनी विचारलं असतं, तुमचे कोण? म्हणून कामावर गेले आणि आठ तास लोकांना जोडून दिलं. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, आणि देवघरातला दिवा लावायची माझी पाळी होती, तो लावला नाही.

"दिवा?" आई म्हणाली.

"सुतक आहे."

"कुणाचं?"

"धोंडूमामांचं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. ते आपले कोण, कुठल्या भावकीतले, हे ती आता विचारणार, आणि मी काय उत्तर द्यायचं ते ठरवून बसले होते. दोन वर्षं ठरवत होते. ती उठून आत गेली.

रात्री जेवायला बसले. आईनं ताट वाढलं आणि समोर बसली. आमटीला फोडणी नव्हती. पुढचे दहा दिवस नव्हती.